निकेशच्या नावाची खोली

मोबाइलवरचे पॉइंट कमी झाले की तानबाजी पोटभर जेवत. जगात कोणाचं काही कमी झालं की माणूस तोंड पाडून बसतो. पण या माणसाचं सगळंच उफराटं. पॉइंट वाढले की गप्प, आणि घटले की ढाब्यावर दुसरी भाकर मागून घ्यायचे, वर मिरचीचा ठेचा.

हे पॉइंट म्हणजे 'राहगीर' नावाच्या हॉटेलांचे. गावोगावी एकाच रंगाची, एकाच मालकीची ही हॉटेलं. पैसे भरून एक रात्र राहिलं की खात्यात थोडे पॉइंट जमा होत, आणि पुरेसे साठले की एक रात्र फुकट मिळे. हे खातं होतं निकेशच्या नावावर. निकेश हा तानबाजी आणि सुमित्राबाईंचा एकुलता एक मुलगा, माघ महिन्यात आर्वीच्या घरातून निघून गेलेला. तेव्हापासून हे दोघं नवरा-बायको आपल्या दुकानातली भांडी वाहायची जुनी ओम्नी व्हॅन घेऊन त्याला शोधत फिरत होते. बैतूल, खंडवा, होशंगाबाद, सागर, जबलपूर. निकेश पाण्याच्या पंपांच्या कंपनीत फिरतीवर होता, आणि हीच त्याची गावं होती. त्याचा फोन बंद होता. पोलिसांनी नाव-गाव लिहून घेतलं, फोटो ठेवून घेतला आणि कळवू म्हणून सांगितलं.

तो गेला का, हे आर्वीत सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीच्या आधी त्याची नोकरी सुटली आणि त्यानं घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा, एसटी स्टँडवर बसून राहायचा, संध्याकाळी घरी यायचा. अन् इकडे बापानं त्याचं लग्न जमवलेलं! मुलीच्या मामानं कंपनीत चौकशी केली आणि सरळ दुकानात येऊन, गिऱ्हाइकांदेखत, तानबाजींच्या तोंडावर सगळं फेकलं. त्या संध्याकाळी निकेश घरी आला तेव्हा तानबाजी दारातच उभे होते.

"चालता हो!" ते ओरडले. "पुन्हा तोंड दाखवू नको मले!"

आळी सगळी ऐकत होती. निकेश चपला न काढता तसाच मागं फिरला. सुमित्राबाई हातातलं पीठ घेऊन फाटकापर्यंत धावल्या, तोवर तो वळणावरून दिसेनासा झाला होता. तोंड दाखवू नको म्हटलं, आणि पोरानं खरंच दाखवलं नाही. एवढा आज्ञाधारक बाकी कधी नव्हता मेला.

निकेशनं आदल्या वर्षी आईबापाला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं होतं. तेव्हा 'राहगीर'मध्ये उतरवलं आणि आपलं खातं बापाच्या मोबाइलमध्ये उघडून दिलं. "कुठीबी राहा, माह्या नंबर सांगा, पॉइंट जमा होतात," म्हणाला होता. त्या हॉटेलात तानबाजींनी गादीला हात लावला नाही. त्यांची पाठ धरे, मऊ गादीवर त्यांना झोप येत नसे. पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून ते जमिनीवर झोपले. निकेश हसून हसून बेजार झाला होता. "बाबा, पैसे पलंगाचे देता अन् झोपता फरशीवर!"

शोधाला निघाल्यावर सुमित्राबाईंनी एक वही केली. दुकान बंद, मिळकत बंद, निघताना मोडलेली ठेव जवळ. पै-पैचा हिशेब ठेवणं भाग होतं. पेट्रोल, टोल, खोली, जेवण, निकेशचे फोटो छापल्याचे पैसे. खोली जमेल तिथं 'राहगीर'चीच. तानबाजी काउंटरवर निकेशचा मोबाइल नंबर एकेक आकडा मोठ्यानं सांगून पॉइंट जमा करवत, मग त्याचा फोटो पुढं सरकवत, आणि शेवटी सतरंजी मागत. फोटो पाहून लोक मान हलवत. सतरंजी मात्र मिळे.

चैत्रात होशंगाबादला नर्मदेच्या पुलावर तानबाजींनी गाडी अचानक उभी केली. मागचे ट्रक बोंबलत होते, आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून खाली पाण्याकडे बघत बसले.

"अथीच संपवू का वं सगळं?" ते म्हणाले.

सुमित्राबाईंनी झडप घालून किल्लीच काढली. "गाडी बाजूले घ्या आधी! लाज वाटत नाई का?" त्या रडत ओरडल्या.

त्याच संध्याकाळी पॉइंट कमी झाले. तानबाजींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "अवं, कमी झाले! कोणीतरी वापरले. कोण वापरन? त्याचं खातं हाय, तोच वापरन नं! कुठीतरी झोपला तो रात्री, अवं, जिता हाय पोट्टा!" त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या. आणि त्यांचं ठरलं. पॉइंट साठवायचे, पण आपण एकही वापरायचा नाही. आपण जमा करायचे, पोरानं वापरायचे. बापानं घरातून हाकललं, आता बापच त्याच्या डोक्यावर छप्पर धरणार.

पुढच्या महिन्यात परत कमी झाले. त्याच्या पुढच्याही महिन्यात. तानबाजी महिनाभर त्या एका दिवसावर जगत.

श्रावणात सागरच्या 'राहगीर'मध्ये ते आंघोळीला गेले असताना सुमित्राबाई मोबाइल घेऊन खाली काउंटरवर गेल्या. तिथं एक बाई बसत असे, बोलायला गोड. सुमित्राबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, हे पॉइंट कोणत्या गावात खर्च झाले तेवढं बघून सांग.

बाईनं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. "आंटी, ये किसी ने खर्च नहीं किए. साल पूरा हुआ तो अपने आप कट गए."

सुमित्राबाईंना आधी कळलंच नाही. बाईनं समजावून सांगितलं. जमा झालेला पॉइंट वर्षभरच टिकतो. निकेशनं गेल्या वर्षी फिरतीवर जे कमावले, ते यंदा त्या-त्या महिन्यात आपोआप रद्द होत होते. कोणी कुठं झोपलेलं नव्हतं.

"और कब तक कटेंगे?"

"दीवाली तक. फिर पुराने बचेंगे ही नहीं." बाईला काय वाटलं कोण जाणे, तिनं सुमित्राबाईंचा हात धरला आणि फुकटची खोली कशी घ्यायची, कुठं कुठं बोट लावायचं, तेही दाखवलं. "आपके पास बहुत जमा हैं आंटी. आप ही ले लीजिए ना."

सुमित्राबाई जिन्यात बसून राहिल्या. वर खोलीतून तानबाजींचं खाकरणं ऐकू येत होतं. सांगावं तर तो नर्मदेचा पूल डोळ्यांसमोर येई. न सांगावं तर हा माणूस असाच महिन्या-महिन्यानं फसत राहणार. त्यांना सगळ्यांचा राग आला. त्या हॉटेलवाल्यांचा, दारात ओरडणाऱ्या नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या पोराचा. अरे, एक फोन करायला काय झालं होतं तुला! बापाशी नको बोलू, मी काय घोडं मारलं होतं तुझं?

त्यांनी नाही सांगितलं. डोळे पुसून वर गेल्या आणि चहा मागवला.

दिवाळीच्या सुमाराला पैसे संपत आले. वहीत खोलीचा खर्च लिहायचं बंद झालं, कारण खोलीच घेत नव्हते. ढाब्याच्या आवारात गाडी लावायची, मागची सीट काढून तिथं झोपायचं. सुमित्राबाईंचे गुडघे आखडले. एकदा त्या म्हणाल्या, "एवढे पॉइंट पडून हायेत. एक रात्र तरी अंग पसरू द्या की मले."

"ते पोट्ट्याचे हाय," तानबाजी म्हणाले. "अन् नेमकी त्या रात्री त्याले कमी पडले तं?"

सुमित्राबाई गुडघे चोळत कुशीवर वळल्या.

दिवाळी गेली. कार्तिक निघाला. पॉइंट हलले नाहीत. तानबाजी सकाळी बघत, दुपारी बघत, सिग्नलला गाडी थांबली की बघत. आठवडे गेले तसा त्यांचा घास कमी होत गेला. दाढी वाढली. बोलणं बंद झालं. मुलताईला पोचले तेव्हा ते गाडीतून उतरून एकटेच तापीच्या कुंडाकडे गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले.

"इथं पिंड देतात लोक," ते शांतपणे म्हणाले. "गुरुजीशी बोलून आलो. उद्या सकाळी करून टाकू पोट्ट्याचं."

"काय करून टाकू?"

"आता नाई राह्यला तो, सुमित्रा. असता तं पॉइंट कमी झाले असते. तू तीय आन पावभर, काये."

बाप्पा रे! जित्या पोराचं पिंड! आणि जिता नसेल? तर मग त्याचं करायला हाच मुहूर्त, का? सुमित्राबाईंना दोन्ही खरं वाटत होतं आणि दोन्ही सहन होत नव्हतं. गुरुजींची दक्षिणा म्हणून तानबाजींनी उरलेल्या नोटा वेगळ्या काढून शर्टाच्या खिशात ठेवलेल्या त्यांना दिसल्या.

"द्या मोबाइल," त्या म्हणाल्या. "तीय आनतो, अन् येता येता चार्जिंग करून आनतो."

चहाच्या टपरीवर मोबाइल लावून त्या बाकड्यावर बसल्या. सागरच्या बाईनं दाखवलं होतं तसं एकेक ठिकाणी बोट लावत गेल्या. फुकटची रात्र. गाव कोणतं? बोट थांबलं. लांबचं गाव टाकलं तर पेट्रोल पुरायचं नाही. आणि त्यांना एकदम घराची इतकी आठवण आली, की त्यांनी आर्वीजवळचं वर्धा निवडलं. खोली निकेशच्या नावावर, उद्याची. हजारो पॉइंट एका क्षणात कमी झाले. मग त्यांनी शेजारच्या दुकानातून काळ्या तिळाची पुडी घेतली.

परत आल्यावर तानबाजींनी सवयीनं मोबाइल उघडला, आणि एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरचं कुत्रं उठून पळालं.

"वर्धा! सुमित्रा, वर्धा लिवून हाय! उद्याचं! पोट्टा घरी येऊन राह्यला वं!"

सुमित्राबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांना वाटलं होतं, पूर्वीसारखे दोन घास खातील, चार दिवस निघतील. हा माणूस तिथं जाऊन उभा राहील, हे एवढ्या हुशार बाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता काय करता!

सकाळी निघाले. तिळाची पुडी समोरच्या खणात तशीच पडली होती. वरूड मागं गेलं, आष्टी गेलं, तळेगाव गेलं. तानबाजी बोलायचे थांबेनात. "पहिले त्याले जेवू देजो, विचारू नको काही. नोकरीबिकरीचं तं नावच काढू नको. दुकानातच बसवू त्याले. नाई बसला तं नाई बसला." आर्वीत स्वतःच्या घरावरून गेले आणि घराकडं पाहिलंही नाही. सलूनसमोर मात्र गाडी थांबवली आणि दाढी करून आले. गालफडं पार आत गेली होती. आरशात बघत त्यांनी केसांना पाणी लावलं. "म्हनंन, बाप म्हातारा झाला."

खरांगण्याच्या पुढं सुमित्राबाईंना ते सहन झालं नाही. "थांबा," त्या म्हणाल्या. "गाडी थांबवा. ती खोली मी घेतली."

तानबाजींनी गाडी कडेला घेतली.

"मुलताईच्या टपरीवर बसून घेतली. निकेशनं नाई. अन् आधीचेबी त्यानं वापरले नाई. ते वर्ष झालं का आपोआप जातात. सागरच्या बाईनं सांगतलं होतं मले." सगळं एका दमात सांगून टाकलं आणि त्या मार खाल्ल्यासारख्या अंग चोरून बसल्या.

तानबाजी उतरले. रस्त्याकडेच्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसले. शेतात बाया कापूस वेचत होत्या, त्यातली एक उभी राहून बघायला लागली. सुमित्राबाई दाराशी उभ्या राहिल्या. जवळ जायची छाती होईना. ऊन उतरायला लागलं तेव्हा तानबाजी उठून आले.

"काऊन केलं?"

"तुम्ही पिंड द्याले बसले असते. मंग तुमचं काय झालं असतं? मले दोघंबी पायजे हो!"

त्यांनी आत बसून किल्ली फिरवली. बऱ्याच अंतरावर गेल्यावर म्हणाले, "खोली त्याच्या नावानं हाय. एक रात्र झोपू. उद्या सकाळी पवनारले जाऊ, धामच्या काठावर करू त्याचं. आता नाई म्हनू नको."

सुमित्राबाई नाही म्हणाल्या नाहीत. म्हणायला तोंड उरलं होतं कुठं?

दिवेलागणीला वर्ध्याच्या बायपासवरच्या 'राहगीर'ला पोचले. काउंटरवर अनुप नावाचा चाळिशीचा माणूस होता. त्यानं बुकिंग पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता किल्ली दिली. "तळमजल्यावरचीच आहे," म्हणाला. तानबाजींनी फोटो काढला नाही, की सतरंजीही मागितली नाही. पाय ओढत ते व्हरांड्यानं गेले आणि खोलीचं दार उघडून तिथंच उभे राहिले.

पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत जाड सतरंजी अंथरलेली होती. वर घडी घातलेली चादर. उशी एकच.

"तू सांगतलं?" तानबाजींनी विचारलं.

"मी कायले सांगू? मी तं बोललीबी नाई कोणाशी."

तानबाजी आले तसे उलटे धावत काउंटरवर गेले. पाठ धरलेला माणूस, पण धावले. "ती सतरंजी कोणं टाकली?"

"काका, मीच टाकायला लावली," अनुप गडबडून म्हणाला. "ज्यांच्या नावावर बुकिंग आहे त्यांचा दुपारी फोन आला होता. म्हणाले, मी येणार नाही, माझे आईबाबा येतील. बाबांना गादीवर झोप येत नाही, खाली सतरंजी टाकून ठेवा. आईचे गुडघे दुखतात, जिना चढायला लावू नका."

सुमित्राबाईंनी काउंटर घट्ट धरला. "त्याले कसं कळलं आम्ही येनार म्हनून?"

"खात्यात काहीही झालं की त्यांना ईमेल जातो ना, काकू. बुकिंगचाही गेला असणार. आणि एक विचारलं त्यांनी." अनुप जरा थांबला. "म्हणाले, दर आठवड्याला ते कुठं राहिले ते मला कळायचं. दिवाळीपासून एकदाही जमा झालं नाही. बरे आहेत ना ते? मी म्हटलं, अजून यायचे आहेत. नंबर मागितला तर त्यांनी फोन ठेवला. आमचा फोन जुना आहे काका, नंबर उमटत नाही त्याच्यावर."

म्हणजे माघापासून हे दोघं त्याला शोधत फिरत होते आणि तो कुठंतरी बसून यांचा मुक्काम बघत होता. आज बैतूल, आज सागर, आज जबलपूर. आणि इकडे पॉइंट हलेनात म्हणून बाप मरणाला टेकला, तेव्हा तिकडे पॉइंट वाढेनात म्हणून पोरगा जीव मुठीत धरून बसला होता. सुमित्राबाईंना हसू आलं, आणि ते हसू निघता निघताच त्या खाली फरशीवर बसल्या आणि मोठमोठ्यानं रडू लागल्या. हॉटेलातली माणसं जमा झाली. जमू देत मेली!

तानबाजी रडले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि दक्षिणेच्या नोटा काउंटरवर ठेवल्या.

"उद्याची रात्र लिवा," ते म्हणाले.

"काका, पॉइंट अजून आहेत त्यांच्या खात्यात. उद्याचीही फुकट होऊन जाईल."

"फुकट नको. पैशानंच लिवा. जमा झालं का त्याले कळते नं?"

"हो, लगेच जातो ईमेल."

"मंग बस. अन् पुन्हा फोन आला त्याचा, तं सांगजा..." त्यांनी काउंटरच्या कडेवर दोन्ही हात टेकवले. "सांगजा, बाप म्हनते, तोंड दाखव."

अनुपनं मान हलवली आणि नोटा मोजल्या. नोटा नेमक्या एका रात्रीपुरत्या होत्या. "मोबाइल नंबर?" त्यानं विचारलं.

तानबाजी ताठ उभे राहिले, आणि निकेशचा नंबर एकेक आकडा करून मोठ्यानं सांगू लागले.